बसप्पा मिस्त्रींचं नाक आणि माझा डिप्लोमा

गॅरेजात काम केलेल्या कुणालाही विचारा. गाडी खोलून परत जोडली की एखादा नट हमखास उरतो. तो कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही. गाडी त्याच्यावाचून छान चालत असते, त्यामुळे मालकाला तर सांगताच येत नाही! मग तो नट कोपऱ्यातल्या डब्यात पडतो. टाकवतही नाही आणि लागतही नाही. माझे किस्से असेच साठलेत. आयुष्य जोडून झालं, बऱ्यापैकी चाललं, आणि एवढं डबाभर उरलं.

परवा मुलाच्या गाडीत पिवळा दिवा लागला म्हणून तिला वर्कशॉपमध्ये नेलं. तिथल्या मेकॅनिकनं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. स्टिअरिंगखाली एक वायर खोचली, हातातल्या स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, ऑक्सिजन सेन्सर गेलाय."

हा सेन्सर म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात बसवलेली बोटाएवढी वस्तू. इंजिनातून जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे ती हुंगते. त्यावरून गाडीला कळतं, की पेट्रोल जास्त होतंय का हवा जास्त होतेय.

मी म्हटलं, "आमच्या वेळी सोलापुरात हे काम बसप्पा मिस्त्री करायचे."

तो म्हणाला, "मॅन्युअली?"

म्हटलं, "नाही. नाकानं!"

* * *

सत्तरच्या दशकातली गोष्ट. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा घेऊन मी पुण्याहून सोलापूरला परत आलो आणि भवानी पेठेत बसप्पा मिस्त्रींच्या गॅरेजात चिकटलो. मिस्त्री अक्कलकोटकडचे. घरात कानडी, गॅरेजात मराठी, आणि बोल्ट निघत नसला की दोन्ही! कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. दुपारपर्यंत चेहरा ग्रीसनं काळा व्हायचा, पट्टे मात्र तसेच पांढरे राहायचे.

गाडी आली की ते आधी मागं जायचे. इंजिन चालू ठेवायला सांगून सायलेन्सरपाशी वाकायचे आणि आरती घ्यावी तसा दोन्ही हातांनी धूर नाकाशी घ्यायचे. मग डोळे मिटून सांगायचे, "पेट्रोल ज्यादा." किंवा, "कुठनं तर हवा घेतीया." नव्याण्णव टक्के बरोबर!

मला पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय शिकलाय?"

"डिप्लोमा. फर्स्ट क्लास."

त्यांनी एका गाडीतून स्पार्क प्लग काढला आणि माझ्या हातात दिला. "हे वाचा की."

मी इस्त्रीचा बॉयलर सूट घातला होता. चष्मा नीट केला, प्लग उजेडात धरला आणि त्याच्या पांढऱ्या अंगावर छापलेला नंबर मोठ्यानं वाचला.

मिस्त्री म्हणाले, "आनि?"

"मेड इन इंडिया."

गाडीखाली झोपलेले दोन मेकॅनिक हा कोण आलाय ते बघायला सरपटत बाहेर आले.

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, वर लिव्हलंय ते कारखान्यानं लिव्हलंय. खाली लिव्हलंय ते इंजिनानं. ते वाचा!"

मग त्यांनीच शिकवलं. प्लगचं टोक काजळीसारखं काळं, म्हणजे पेट्रोल जास्त. चुन्यासारखं पांढरं, म्हणजे हवा जास्त. भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं तपकिरी, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिक्श्चर बरोबर. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात हे कुठंतरी होतं. पण भाकरी नव्हती, म्हणून लक्षात राहिलं नसावं!

माझं गॅरेजातलं नाव मात्र त्या दिवसापासून 'मेड इन इंडिया' पडलं.

* * *

रंग वाचता यायला लागल्यावर माझा आत्मविश्वास भलताच वाढला. त्याच सुमारास मिस्त्री नात्यातल्या लग्नाला तीन दिवस गावी गेले, आणि नेमके अण्णा आले.

अण्णांचे पॉवरलूम होते. घरात तेलुगू बोलायचे आणि बाहेर मोजकं बोलायचे. त्यांची गाडी काळा धूर सोडत होती आणि पेट्रोल पाण्यासारखं पीत होती.

मी प्लग काढला. काळाकुट्ट! "रिच मिक्श्चर, पेट्रोल जास्त," मी जाहीर केलं. "उद्या घेऊन जा."

उद्या म्हणजे काय हे गाडीला ठाऊक नव्हतं. मी मिक्श्चरचा स्क्रू फिरवला. धूर तसाच. पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर खोलला, त्यातला पेट्रोल सोडणारा बारीक जेट बदलला, आतला फ्लोट फुटपट्टीनं मोजला. धूर तसाच. तिसऱ्या दिवशी मी पुण्याच्या वह्या काढून बसलो. अण्णा स्टुलावर बसून शांतपणे बघत होते. माणूस ओरडला तर बरं वाटतं, शांत बसला की घाम फुटतो!

मिस्त्री लग्नाहून थेट गॅरेजात आले. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "नाक बघितलं का?"

मी चमकलो. "कुणाचं?"

"गाडीचं हो!"

त्यांनी एअर क्लीनरचं झाकण उघडलं. इंजिनात जाणारी हवा याच डब्यातून गाळून जाते. आत पांढऱ्या, लाल, हिरव्या सुताच्या फुफाट्याचा बोटभर जाड थर बसला होता. अण्णा गाडी रोज पॉवरलूमच्या शेडमध्ये लावत होते, आणि इंजिन चालू झालं की शेडमधलं सूत आत ओढत होतं. हवेला वाटच नव्हती. हवा कमी म्हणून पेट्रोल जास्त. मी तीन दिवस पेट्रोलच्या मागं लागलो होतो!

मिस्त्रींनी तो थर अलगद सोडवून काढला. मधे लाल, कडेला हिरवी नक्षी. दोन हातांत धरून झटकला तरी अख्खाच राहिला. "घ्या. सोलापुरी चादर!"

अण्णा उठले. जवळ आले. अंगठा आणि बोट यांच्यात धरून त्यांनी तो थर चोळून बघितला, उजेडाकडे धरला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा सविस्तर बोलले.

"सूत आमचंच हाय. विणकाम सैल पडलंय."

* * *

सोलापुरात गॅरेज चालवायचं तर तीन-चार भाषा यायला हव्यात. मला मराठी येत होती आणि इंग्रजी येते असा समज होता.

एकदा सकाळी कर्नाटकाच्या सीमेकडचे एक पाटील जीप घेऊन आले. पांढरा फेटा, खणखणीत आवाज, आणि बोलणं फक्त कानडी. जीपकडे बोट दाखवून म्हणाले, "गाळि कम्मि ऐती."

मिस्त्री बाजारात गेले होते. मी मनाशी म्हटलं, एवढं काय अवघड आहे? गाळ! पेट्रोलच्या टाकीत गाळ साठलाय. कम्मि म्हणजे कमी. गाळानं पेट्रोल कमी येतंय. म्हणजे मिक्श्चर लीन! भाषेची अडचण असूनही रोगाचं निदान केलं म्हणून मी स्वतःवर खूश झालो.

पाटलांना सावलीत खुर्ची दिली, चहा दिला. मग टाकी खाली उतरवली. सगळं पेट्रोल कॅनमध्ये काढून फडक्यातून गाळलं. गाळ नाही. टाकी धुतली. गाळ नाही. पाइपात हवा फुंकली, पंप खोलला, कार्बोरेटर खोलला. चमचाभरसुद्धा गाळ नाही! अधूनमधून पाटील येऊन विचारायचे, "गाळि?" मी त्यांना गाळ जमवायला घेतलेली रिकामी बशी दाखवायचो आणि मान हलवायचो. तेही मान हलवायचे आणि परत खुर्चीत जाऊन बसायचे.

दुपारी मिस्त्री आले. पाटील त्यांच्याशी कानडीत बराच वेळ बोलले. मिस्त्री ऐकता ऐकता खांबाला टेकले. मग खाली बसले. मग डोळे पुसायला लागले.

"साहेब, कानडीत गाळि म्हंजी हवा," ते म्हणाले. "मागच्या चाकात हवा कमी हाय. तेवढी भरून मागायला आलेत!"

माझा चेहरा काय झाला असेल तो असो. मी विचारलं, "मग इतका वेळ गप्प का बसले? सगळी जीप खोलली मी!"

मिस्त्रींनी कानडीत विचारलं. पाटील अगदी गंभीरपणे उत्तरले. मिस्त्रींना ते मराठीत सांगायला पाच मिनिटं लागली, कारण हसू आवरत नव्हतं.

"म्हणतात, आमच्याकडं पंपानंच भरतात. शहरात पद्धत येगळी असंल!"

* * *

पावसाळा संपता संपता मिस्त्रींना जबरदस्त सर्दी झाली. नाक बंद म्हणजे गॅरेज बंद म्हणण्याची पाळी! ते सायलेन्सरपाशी वाकायचे, आरती घ्यायचे आणि शिंकून परत यायचे.

त्या आठवड्यात कांबळेबाई आल्या. बाई मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या. स्वतः गाडी चालवायच्या. त्या काळात सोलापुरात बाईमाणसानं गाडी चालवली की रस्त्यावरची सायकलसुद्धा थांबून बघायची, पण कांबळेबाईंनी बघितलं की बघणारा खाली मान घालायचा. पांढरी साडी, हातात घड्याळ आणि बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं.

"गाडी वेग घेत नाही. मला साडेअकराला शाळेत पोचायचं आहे. तपासणी आहे."

मिस्त्री शिंकले आणि म्हणाले, "साहेब, आज तुमचं नाक!"

माझी छाती फुगली. मी मागं गेलो, वाकलो, दोन्ही हातांनी धूर घेतला. कच्च्या पेट्रोलचा भपकारा! "रिच आहे," मी म्हणालो आणि स्क्रू पाव फेरा फिरवला. परत हुंगलं. वास तसाच! आणखी पाव फेरा. तसाच! आणखी अर्धा. आता गाडी फट् फट् आवाज करत थरथरायला लागली, आणि वास मात्र हलायला तयार नाही.

मिस्त्री काळजीत पडले. "अय्यो, हवेवर चाललीय गाडी. वास कुठनं यायला लागलाय?"

कांबळेबाई घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होत्या. त्या पुढं आल्या. "तुम्ही काम झाल्यावर हात कशानं धुता?"

"पेट्रोलनं. ग्रीस निघायला."

"आणि मिशीवरून हात किती वेळा फिरवता?"

मी उत्तर द्यायच्या आधीच माझा हात मिशीकडे गेला होता!

तेव्हा मला झुपकेदार मिशी होती. डिप्लोमानंतर राखलेली. त्या मिशीत सकाळपासूनचं अर्धं गॅलन पेट्रोल मुरलेलं होतं. काहीही हुंगलं असतं, तरी मी रिच म्हणालो असतो. देवघरातली उदबत्तीसुद्धा!

"साबणानं धुऊन या," बाई म्हणाल्या. मी नळावर गेलो. परत येईपर्यंत मिस्त्रींनी स्क्रू जागेवर आणला होता आणि खरा दोष शोधला होता. ॲक्सिलरेटरची केबल सैल पडली होती, बस्स! दोन मिनिटांचं काम. बाई अकरा पंचवीसला शाळेत पोचल्या.

जाताना त्या काचेतून म्हणाल्या, "शोधायची पद्धत बरोबर होती. सुरुवात स्वतःपासून करायची राहिली."

मिशी मी त्याच संध्याकाळी उतरवली.

* * *

मिशी गेल्यावर महिन्याभरात मुलगी बघायला मंगळवेढ्याला जायचं ठरलं. गॅरेजची जीप घेतली. एसटीनं जाणाऱ्या मुलापेक्षा जीपनं येणारा मुलगा भारी दिसतो, हा माझाच विचार!

मुलीचे वडील शाळामास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. मुलीचं नाव सुमन. बघण्याचा कार्यक्रम बरा झाला. बोलण्यातून कळलं, की त्याच दिवशी दुपारी तीन वाजता सुमनची सोलापुरात शिक्षिकेच्या नोकरीसाठी मुलाखत आहे, आणि वडील-मुलगी बारा वाजता एसटीनं निघणार आहेत.

मी म्हटलं, "एसटी कशाला? माझी जीप आहे की! दीड तासात सोडतो."

हे वाक्य मला पुढची पन्नास वर्षं ऐकायला मिळणार होतं.

मंगळवेढा सोडून सात-आठ मैल गेलो आणि जीप आचके देऊन बंद पडली. मी उतरलो. "काळजी नको," म्हणालो. टाकीचं झाकण उघडलं, कडब्याची काडी आत बुडवून बघितली. पेट्रोल भरपूर. झाकण घट्ट लावलं. बॉनेट उघडलं, जेट काढला, तोंडानं फुंकला, परत बसवला. जीप चालू! मी गुरुजींना मिक्श्चर म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

सात-आठ मैलांनी परत बंद. परत झाकण, काडी, घट्ट झाकण, जेट, फुंकर. चालू! या वेळी मी गुरुजींना जेट म्हणजे काय ते सांगितलं. बारा वाजताची एसटी आम्हाला ओलांडून गेली. कंडक्टरनं हात केला.

तिसऱ्यांदा जीप बंद पडली तेव्हा दोन वाजत आले होते. तोंडात पेट्रोल, शर्टावर काळे डाग. गुरुजी शिकवण्या ऐकून दमले होते. सुमन मागच्या सीटवर सर्टिफिकिटांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. सकाळपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी उतरलो, टाकीचं झाकण उघडलं, आणि तेवढ्यात तिचा आवाज आला.

"एक विचारू का? दर वेळी तुम्ही आधी झाकण उघडता, मग बाकीचं करता. या खेपेला बाकीचं नका करू की. नुसतं झाकण उघडून गाडी चालू होते का बघा."

मी हसलो. अडाणी माणसाला हसावं तसं. म्हटलं, "झाकणाचा आणि इंजिनाचा काय संबंध?"

"ते मला नाही माहीत. बघा तर."

तिची समजूत घालावी म्हणून मी नुसतंच सेल्फ मारलं. जीप चालू!

झालं होतं असं. टाकीचं मूळ झाकण हरवलं होतं, आणि मी लेथवर नवीन करून घेतलं होतं. पितळेचं, सुंदर, एकदम हवाबंद! पण टाकीतलं पेट्रोल खाली जायचं तर त्याच्या जागी वरून हवा यायला लागते. जुन्या झाकणाला त्यासाठी बारीक भोक होतं. मी ते दोष समजून नव्याला ठेवलंच नव्हतं! दर सात-आठ मैलांनी टाकी श्वास कोंडून बसत होती. मी झाकण उघडलं की श्वास घेत होती, आणि श्रेय माझ्या फुंकरीला मिळत होतं.

उरलेल्या रस्त्यावर मी झाकण सैल ठेवून गाडी हाणली. तीनला पाच मिनिटं कमी असताना सुमन मुलाखतीला आत गेली. नोकरी मिळाली.

आठ दिवसांनी गुरुजींचा होकार आला. मला खरं तर आश्चर्यच वाटलं. पुढं कधीतरी मी गुरुजींना विचारलं, की त्या दिवसानंतर तिनं हो कसं म्हटलं?

गुरुजी म्हणाले, "मी विचारलं तिला, मुलगा कसा वाटला. म्हणाली, हात चांगले आहेत. झाकण तेवढं अधूनमधून उघडावं लागेल."

* * *

आता सांगोल्याचं सांगतो.

दुष्काळाचं वर्ष होतं. गावोगाव टँकर धावत होते, आणि टँकर पुरत नव्हते म्हणून मिळेल त्या ट्रकवर टाकी चढवली होती. त्यातला एक लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक, पेट्रोलवर चालणारा. सांगोल्याच्या पुढं आडरस्त्याला तो बंद पडला. गॅरेजात निरोप आला. मिस्त्री दुसऱ्या कामात अडकले होते. ते म्हणाले, "तुमी जावा, साहेब. आता येतंय तुमाला."

हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं. मी हत्यारांची पिशवी घेतली आणि निघालो.

पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. माळावर एक झाड नाही. ट्रक चढावर उभा, ड्रायव्हर हुसेनभाई हताश. गाव दोन मैल पुढं. तिथं तीन दिवस पाणी पोचलं नव्हतं. ट्रकच्या सावलीत एक म्हातारी धनगरीण बसली होती, सोबत पाच शेळ्या. टँकर येणार म्हणून गावातून वाट बघत पुढं आलेली.

"साब, छोडे तो बंद पडरी," हुसेनभाई म्हणाले. खरंच. ॲक्सिलरेटर धरून ठेवला की इंजिन चालायचं, सोडला की फुसकन बंद. मी प्लग काढला. चुन्यासारखा पांढरा! हवा जास्त. म्हणजे एक तर पेट्रोल कमी येतंय, नाहीतर कुठूनतरी जास्तीची हवा घुसतेय.

दोन रस्ते होते. मी अर्थातच चुकीचा निवडला.

पेट्रोल कमी येतंय असं ठरवून रस्त्यावर धोतराचं फडकं पसरलं आणि कार्बोरेटर खोलला. जेट फुफाट्यात पडला. तो शोधण्यात अर्धा तास गेला. तोवर एका शेळीनं सांध्यात बसवायचं बुचाचं गॅस्केट तोंडात घातलं. म्हातारीनं शेळीचा जबडा दाबून ते काढलं, पदराला पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"तुमी कोन म्हनायचं?" तिनं विचारलं.

"मी इंजिनीअर."

"आसं व्हय," ती म्हणाली. "मंग मिस्त्री कवा येनार?"

मी कार्बोरेटर परत बसवला. गाडी तशीच. परत खोलला. परत बसवला. तशीच! हुसेनभाई बॉनेटपाशी उभं राहून हातानं ॲक्सिलरेटर धरत होते, मी इंजिनावर वाकलो होतो. दोघांच्या कानांत इंजिनाशिवाय काही नव्हतं. म्हातारी केबिनच्या पायरीवर टेकली होती. ती एकदम ओरडली.

"आरं, हितं आत साप हाय की! फुसफुसतुय बगा!"

हुसेनभाई चार पावलं मागं उडाले. मी पाना घेऊन केबिनजवळ गेलो. फूस... फूस... आवाज खरा होता. डॅशबोर्डखाली. मी श्वास रोखून वाकलो. साप नव्हता. रबरी नळी होती.

त्या जुन्या ट्रकांचा वायपर, इंजिन हवा आत ओढतं त्या ओढीवर चालायचा. इंजिनापासून वायपरपर्यंत एक रबरी नळी असायची. वापर नाही म्हणून ती वाळून फाटली होती, आणि इंजिन त्या फटीतून भसाभस हवा ओढत होतं. जिथं वर्षानुवर्षं पावसाचा थेंब नव्हता, त्या मुलखात गाडी वायपरपायी अडली होती! आणि फर्स्ट क्लास डिप्लोमा तीन तास भलतीकडंच शोधत होता.

मी नळी कापली. तोंड बुजवायला काही सापडेना. म्हातारीनं कमरेचा विळा काढला, शेळ्या हाकायची बाभळीची काठी टोकाला तासली आणि खुंटी करून दिली. एकदम मापात! खुंटी ठोकली आणि इंजिन घड्याळासारखं चालायला लागलं. हुसेनभाईंनी आभाळाकडे बघून हात जोडले.

आणि तेवढ्यात रेडिएटरमधनं शेवटची वाफ गेली. तीन तास हवा जास्त घेऊन इंजिन तापलं होतं, रेडिएटरमधलं पाणी आटून तो कोरडा ठणठणीत. दोन मैलसुद्धा जाणार नाही अशी अवस्था. आम्ही इंजिन बंद करून मागं टाकीकडे बघितलं. वाटेत पाणी कुणी काढू नये म्हणून नळाला कुलूप आणि वरच्या झाकणालाही कुलूप. किल्ली पुढं गावात, ग्रामसेवकाकडे.

"इत्ता पानी है साब," हुसेनभाई कुलूप हातात धरून म्हणाले, "और एक लोटा नई!"

आम्ही दोघं फुफाट्यात बसलो. म्हातारी उठली. शेळीच्या पाठीवर बांधलेली कापडाची गुंडाळी तिनं सोडली. आत पितळी चरवी होती, तोंडाला फडकं बांधलेली.

"ह्यात हाय थोडं," ती म्हणाली. "घाला."

मी म्हटलं, "आजी, नको. तुम्हाला प्यायला काय राहील?"

"मला प्यायला त्यात हाय न्हवं?" तिनं टाकीकडे बोट केलं. "मंग ती चालू दे की!"

इंजिन निवल्यावर तिनं स्वतःच ओतलं. एकाच धारेनं, थेंब न सांडता. चरवी उपडी करून दाखवली. आम्ही तिला केबिनमध्ये बसवलं, शेळ्या मागून पळत आल्या, आणि ट्रक चढावरून गावात शिरला.

काय गर्दी ती! हंडे, घागरी, डबे, पोरंबाळं. ग्रामसेवकानं कुलूप काढलं. हुसेनभाई फळीवर उभं राहून ओरडले, "पैले बूढी माँ! पैले बूढी माँ!" माणसं बाजूला झाली. त्या अख्ख्या गावानं, तीन दिवस तहानलेल्या गावानं, वाट करून दिली. म्हातारीची चरवी पहिली भरली. काठोकाठ.

तिचे ओठ फुटलेले मला दिसत होते. दुपारभर आमच्यासमोर तिनं घोटभरही पाणी घेतलं नव्हतं. आता ती पिईल म्हणून आम्ही बघत राहिलो.

ती भरली चरवी दोन्ही हातांत धरून गर्दीतून बाहेर आली, ट्रकच्या पुढं गेली आणि बॉनेटपाशी उभी राहिली.

"इंजिनेर, उगडा हे," ती म्हणाली. "आदी हिला पाजू द्या. लई लांबनं आलीया."

मी बॉनेट उघडलं.